पोस्टमनचे कान

ग्लासगो शहरातील कर्णवैद्य टॉमस बार यांनी 1886 मध्ये बॉयलर बनविणाऱ्या 100 कारागिरांची श्रवणपरीक्षा केली, तेव्हा लोखंडी पत्र्यांवर रिव्हेट ठोकण्यात आयुष्य गेलेल्या त्या मंडळींपैकी एकाचाही कान निर्दोष आढळला नाही, ही हकीकत वैद्यकाच्या इतिहासात पुष्कळदा सांगितली जाते. मला तिच्याहून लक्षणीय वाटते ती बार यांची तुलनेची योजना. कारागिरांच्या शेजारी ठेवून पाहण्यासाठी त्यांनी जे इतर वर्ग निवडले, त्यांत कारखान्याच्या कल्लोळापासून सर्वस्वी अलिप्त असा वर्ग होता घरोघर पत्रे वाटणाऱ्या पोस्टमनांचा. म्हणजे जो मनुष्य दिवसभर रस्त्यावर हिंडतो, त्याचे कान निकोप श्रवणाचे प्रमाण म्हणून स्वीकारण्यास त्या काळच्या शास्त्रज्ञाला काहीच हरकत दिसली नाही. आणि परीक्षेअंती ही निवड चुकीची ठरलीही नाही.

यावरून तत्कालीन रस्ते निःशब्द होते असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. रस्त्यावरील खडखडाटाविरुद्धची फिर्याद रोमइतकी जुनी आहे. ज्युलियस सीझरच्या अमदानीत मालाच्या गाड्यांना दिवसा नगरप्रवेशाची मनाई झाली, तेव्हा त्याच गाड्या रात्री खडखडू लागल्या, आणि त्यांच्यापायी झोप दुर्मिळ झाल्याचे गाऱ्हाणे पुढे ज्युव्हेनाल कवीने मांडले. आपल्या मुंबईत 1874 मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, 1907 मध्ये विजेची आली आणि 1926 मध्ये बस धावू लागली. लोखंडी धावांचे खटारे, व्हिक्टोरियाच्या घोड्यांच्या टापा, रुळांचा करकराट आणि या सर्वांवर आपला स्वर चढविणारे फेरीवाले, असा त्या रहदारीचा थाट असे. परंतु ट्रामची घंटा आणि गाडीवानाची आरोळी वगळली, तर तो आवाज वाहनाच्या चालण्यातूनच उद्भवत असे, आणि वाहन थांबले की तोही थांबे. थांबलेल्या वाहनालाही अखंड गर्जना करण्याची मुभा मिळाली ती मोटारीच्या युगात.

या मुभेच्या इतिहासात मिलर रीझ हचिसन या अमेरिकन यंत्रज्ञाचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्याने बहिऱ्यांसाठी विजेवर चालणारे श्रवणयंत्र तयार केले, आणि इंग्लंडच्या अलेक्झांड्रा राणीसारखी थोर व्यक्तीही त्याची लाभार्थी झाली. पुढे 1908 च्या सुमारास याच गृहस्थाचा ‘क्लॅक्सन’ नावाचा भोंगा बाजारात आला. हाताने दाबावयाच्या रबरी भोंग्याचा सौम्य भोंकार त्यापुढे अगदीच केविलवाणा ठरला, कारण येथे विजेच्या मोटारीने फिरणारे दंतुर चाक धातूच्या पडद्यावरील खुंटीला सतत घासत असे आणि त्या पडद्यातून कर्णकर्कश किंकाळी उठत असे. आपल्या श्रवणयंत्राला गिऱ्हाइके मिळावीत म्हणूनच हचिसनने हा भोंगा काढला, असा विनोद मार्क ट्वेनच्या नावावर खपविला जातो. तो त्याचा असो वा नसो, इतिहासाने स्वतःच रचलेल्या या थट्टेत त्याला भर घालण्यासारखे फारसे उरले नव्हते.

गोंगाटाचे मोजमाप करण्याची सरकारी तजवीज प्रथम न्यूयॉर्कने नेटाने केली. 1929 मध्ये तेथे नेमलेल्या ध्वनिनिवारण आयोगाने मापनयंत्रे चढविलेली मोटार शहरभर फिरविली, नागरिकांकडून तक्रारी मागविल्या आणि 1930 च्या अहवालात रहदारीला गोंगाटाच्या कारणांत अग्रस्थान दिले. शहरातील काही जागी बंगालचा वाघ डरकाळ्या फोडीत राहिला तरी वाटसरूंच्या कानी ते पडणार नाही, असा शेरा त्या अहवालात आहे. नोकरशाहीच्या दप्तरात इतकी रसिकता क्वचितच आढळते.

कानाची हानी कशी होते, हे आता पुरेसे स्पष्ट झालेले आहे. अंतःकर्णातील शंखाकृती नलिकेत सुमारे 15 हजार सूक्ष्म केशपेशी असतात. प्रचंड ध्वनीच्या लाटांनी त्या वादळातल्या जोंधळ्यासारख्या लोळतात, विसावा मिळाला तर काही सावरतात, परंतु एकदा मेल्या की मनुष्याच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम बाधा होते ती 4,000 हर्ट्‌झच्या आसपासच्या उंच स्वरांना, म्हणून संभाषण बरेच दिवस ऐकू येत राहते आणि रोग्याला आपली हानी उमगत नाही. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे, की रस्त्यालगतच्या घरात राहणाऱ्याची झोप आणि रक्तदाब यांवर रहदारीचा आघात जितका निश्चित आहे, तितका त्याच्या श्रवणावर नाही. कान जातो तो मुख्यतः चौकात उभे राहून पोट भरणाऱ्याचा. भारतातील अनेक शहरांत वाहतूक पोलिसांच्या श्रवणचाचण्या झाल्या, त्यांत हीच खूण पुनःपुन्हा आढळली आहे.

आमच्या कायद्याने मात्र रस्त्याला कारखाना मानलेले नाही. कारखान्यातील मजुरासाठी 8 तासांना 90 डेसिबेल ही मर्यादा घातली गेली, म्हणजे तेथे माणसाचा कान आणि त्याची पाळी यांचा हिशेब आहे; 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी क्षेत्राला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबेलची हद्द आखून दिलेली आहे, म्हणजे तेथे हिशेब आहे तो जागेचा. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवासी भागात रात्री हॉर्न वाजविण्यास बंदी केली, तीही झोपणाऱ्याची दाद घेणारी होती. उभा असलेला शिपाई या दोन हिशेबांच्या मधल्या कोऱ्या जागेत राहिला.

जानेवारी 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी एक मजेदार प्रयोग जाहीर केला. निवडक सिग्नलांवर ध्वनिमापक बसविले होते, आणि थांबलेल्या वाहनांचा कलकलाट 85 डेसिबेलच्या पुढे गेला की लाल दिव्याची मुदत पुन्हा मुळापासून सुरू होत असे. उतावळ्या चालकांची त्यात झालेली फजिती लोकांना फार आवडली. कारखान्यांतील श्रवणसंरक्षणाचा विचार जगात अनेक ठिकाणी ज्या आकड्यापासून सुरू होतो, तो हाच 85 आहे. पोलिसांनी तो चालकांना शिक्षा करण्यासाठी वापरला. दिव्याखाली पाळी भरणाऱ्या आपल्याच शिपायाच्या कानांसाठी तो वापरण्याचा हुकूम अजून निघावयाचा आहे.