पोतोसी
बोलिव्हिया देशातील इतिहासप्रसिद्ध शहर व त्याच नावाच्या विभागाचे मुख्य ठिकाण. अँडीज पर्वतात समुद्रसपाटीपासून ४,००० मी.पेक्षा अधिक उंचीवर, सेरो रीको म्हणजे ‘श्रीमंत डोंगर’ याच्या पायथ्याशी ते वसले आहे. १५४५ मध्ये या डोंगरात चांदी सापडली आणि शेतीस निरुपयोगी अशा या थंड, उजाड जागी दाट वस्ती झाली. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास होती.

वरच्या थरांतील उत्तम धातुक संपताच उत्पादन घटले. तेव्हा पेरूचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने पाऱ्याच्या साहाय्याने हलक्या धातुकातून चांदी काढण्याची पद्धत रूढ केली व मजुरांसाठी इंकांच्या ‘मिता’ या श्रमसेवेच्या प्रथेचा आधार घेतला. इंका राजवटीत या श्रमांतून रस्ते व कोठारे उभी राहत. आता नाव तेच राहिले, लाभ मात्र खाणमालकांचा व स्पेनच्या राजाचा झाला. नेमून दिलेल्या प्रांतांतून दरवर्षी सु. १३,५०० पुरुष येथे आणले जात. एक आठवडा काम व दोन आठवडे विश्रांती असा नियम होता; परंतु मजुरी इतकी तुटपुंजी, की विश्रांतीच्या दिवसांतही अनेकांना खाणीत उतरावे लागे. मिता चुकविण्यासाठी असंख्य कुटुंबे गावे सोडून परागंदा झाली. या डोंगराने ऐंशी लाख बळी घेतले, असे वारंवार लिहिले जाते. त्या आकड्याला विश्वसनीय पुरावा नाही. मात्र ओस पडत गेलेल्या प्रांतांची साक्ष पुरेशी बोलकी आहे. १८२५ मध्ये स्पॅनिश सत्तेबरोबर ही प्रथा संपली.

येथील चांदीची ‘रेआल’ नाणी जगभर पसरली. मानिलामार्गे ती चीनला, तर लिस्बनहून गोव्याला पोहोचत. सुरतेच्या मोगल टाकसाळीत ती वितळवून रुपये पाडले जात.

प्रेक्षणीय स्थळांत अठराव्या शतकातील टाकसाळीची वास्तू (कासा दे ला मोनेदा) प्रमुख असून तेथे आता संग्रहालय आहे. चांदीचे पत्रे लाटणारी, खेचरांच्या बळावर चालणारी तिची प्रचंड लाकडी यंत्रे अद्याप पाहावयास मिळतात. सान लोरेन्झो चर्चच्या दगडी प्रवेशद्वारावर सूर्य, चंद्र व तंतुवाद्य वाजविणाऱ्या मत्स्यकन्या कोरलेल्या आहेत. हा स्थानिक कारागिरांच्या कल्पकतेचा उत्कृष्ट नमुना होय. यूनेस्कोने १९८७ मध्ये शहराचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

पर्यटक खाणींतही जातात, पण त्या केवळ अवशेष नव्हेत. खाणकामगारांच्या सहकारी संस्था तेथे आजही जस्त, कथिल व चांदी काढतात, आणि ‘तीओ’ या भूगर्भस्वामीच्या शिंगधारी मूर्तीला कोकाची पाने व मद्य अर्पण करतात. शतकानुशतकांच्या खोदकामाने डोंगर पोखरला गेला असून २०११ मध्ये शिखराजवळची जमीन खचली. २०१४ मध्ये यूनेस्कोने या स्थळाची नोंद संकटग्रस्त वारशाच्या यादीत केली.