म्हातारपणची पुंजी आणि कराची मर्यादा

पगारातून दरमहा कापला जाणारा प्रॉव्हिडंट फंड आपल्या परिचयाचा आहे. परंतु त्या रकमेला करातून सूट का मिळते, आणि ती सूट एका ठरावीक आकड्यापाशीच का थांबते, याचा विचार आपण क्वचितच करतो. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

प्राप्तिकर हिंदुस्थानात १८६० साली आला. सत्तावन्नच्या उठावाने रिती झालेली तिजोरी भरणे, हा त्याचा उघड हेतू होता. म्हातारपणच्या पुंजीकडे कायद्याचे लक्ष पुढे वळले. १९२५ च्या कायद्याने सरकारी व रेल्वे नोकरांच्या फंडातील सक्तीची ठेव सावकाराच्या जप्तीपासून सुरक्षित झाली. १९५२ च्या कायद्याने हा आधार सहा उद्योगांतील कामगारांपर्यंत पोहोचला. त्यांत कापडगिरण्या होत्या. म्हणून मुंबईच्या गिरणगावाला त्याचे मोल अधिक. वर्गणी होती शेकडा सव्वासहा, म्हणजे रुपयामागे एक आणा. ज्यांना मालकच नाही, अशांसाठी १९६८ साली सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी आला. त्यात वर्षाला भरावयाची कमाल रक्कम २०११ साली एक लाख आणि २०१४ साली दीड लाख रुपये झाली.

मर्यादा कशासाठी? सूट म्हणजे सरकारने सोडून दिलेला कर. ती उणीव कोणी तरी भरून काढतोच. शिवाय ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्या कामगाराला सुटीचा लाभ शून्य. ज्याचा कर मोठा, त्याला लाभही मोठा. मर्यादा नसेल, तर वृद्धापकाळाची तरतूद हे धनिकांच्या करबचतीचे साधन होऊन बसेल. म्हणूनच २०२१ साली नियम झाला, की नोकरदाराची स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांवर गेल्यास वरच्या रकमेच्या व्याजावर कर द्यावा. तीन लाख भरणाऱ्याच्या पन्नास हजारांवरील व्याज तेवढे करपात्र; मुद्दलाला धक्का नाही.

परंतु सरकारनेही हात राखूनच चालावे लागते. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी अर्थसंकल्पात, पुढील वर्गणीतून साठणाऱ्या पुंजीपैकी साठ टक्के भाग काढताना करपात्र करण्याची सूचना आली. नोकरदारवर्ग खवळला आणि ८ मार्चला ती मागे घ्यावी लागली. धनिकाच्या जादा वर्गणीला बांध घालणे वेगळे, आणि निवृत्तीच्या दारात उभ्या राहणाऱ्या सामान्य माणसाच्या थैलीत हात घालणे वेगळे, हा भेद लोकांनी अचूक ओळखला.

आता प्रश्न उरतो तो आपल्या दक्षतेचा. रुपयांत ठरविलेली मर्यादा जागीच उभी राहते; महागाई मात्र चालत राहते. आज श्रीमंतासाठी घातलेला बांध काही वर्षांनी मध्यमवर्गाच्या अंगणात येऊन पोहोचतो, आणि तोही कायद्याचे एक अक्षर न बदलता. म्हणून अर्थसंकल्प वाचताना नव्या करांबरोबरच न बदललेले आकडेही आपण वाचावेत.