खुफूची नौका : ‘सूर्यनौका’ या नांवाचा विचार

नाईल नदी हाच प्राचीन इजिप्तचा राजमार्ग असल्यामुळें देव, राजा व मृत या तिघांचाही प्रवास त्या लोकांनीं नौकेनेंच कल्पिला. वेदांतील सूर्य सात अश्वांच्या रथांतून जातो. इजिप्तचा रे नामक सूर्यदेव दिवसा ‘मांजेत’ व रात्रीं ‘मेसेक्तेत’ या नौकांतून आकाश व पाताळ आक्रमितो. या कल्पनेच्या प्रसिद्धीमुळें राजाच्या थडग्यापाशीं नौका सांपडली कीं तिला ‘सूर्यनौका’ म्हणण्याचा प्रघात पडला. तो कितपत साधार आहे, हें सर्वांत विख्यात उदाहरणावरून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गीझा येथील खुफू राजाच्या पिरॅमिडच्या दक्षिणेस १९५४ च्या मे महिन्यांत कमाल अल्-मल्लाख यांस चुनखडीच्या शिळांनीं झांकलेला एक खळगा आढळला. आंतील नौका सुटी करून ठेविलेली होती. तिचे १२२४ तुकडे हाज अहमद यूसुफ यांनीं अनेक वर्षांच्या श्रमानें जुळविले. नौकेची लांबी सुमारें ४३ मीटर भरली. लांकूड मुख्यत्वें लेबनानांतील देवदाराच्या जातीचें असून फळ्या दोरांनीं शिवलेल्या आहेत. २०२१ सालीं ही नौका गीझाजवळील नव्या संग्रहालयांत हलविण्यांत आली.

‘सूर्यनौका’ या नांवाच्या बाजूनें दोन गोष्टी सांगतां येतात. दक्षिणेस खळगे दोन आहेत; ते दिवसाच्या व रात्रीच्या नौकांचे मानतां येतात. शिवाय झांकणाच्या शिळांवर खुफूचा पुत्र जेदेफ्रे याचें नांव आढळतें. पित्याचें हें उत्तरकार्य पुत्राच्या राज्यांत पार पडलें, हें त्यावरून दिसतें. आणि ‘रेचा पुत्र’ ही उपाधी प्रथम त्याच जेदेफ्रेच्या नांवाशीं जोडलेली मिळते.

तथापि विरुद्ध प्रमाणें अधिक बलवान् आहेत. पहिलें असें कीं, मृत राजा रेच्या नौकेंत चढतो हें सांगणारे पिरॅमिडांतील लेख प्रथम उनास राजाच्या पिरॅमिडांत कोरलेले आढळतात, व तो खुफूनंतर सुमारें दोन शतकांनीं झाला. त्यांतील मंत्र लेखाहून जुने असूं शकतील, हें आम्हांस मान्य आहे. पण तेवढ्यावरून खुफूच्या नौकेचा हेतु ठरविणें म्हणजे मागाहूनच्या भाष्यावरून सूत्रकाराचा आशय ठरविणें होय. दुसरें, पिरॅमिडच्या पूर्वेसही नावेच्या आकाराचे खळगे खडकांत कोरलेले आहेत. दिवस व रात्र या जोडीनें त्यांची उपपत्ति लागत नाहीं. तिसरें, अबायडॉस येथें १९९१ सालीं पहिल्या राजवंशाच्या काळच्या चौदा नौका विटांच्या वेष्टनांत पुरलेल्या उघडकीस आल्या. अर्थात् राजासाठीं नौका पुरण्याची चाल खुफूहून कित्येक शतकें जुनी आहे. चौथें, नौकेच्या लांकडावर दोरांच्या दाबाचे वळ उठलेले आहेत. त्यांवरून ती पाण्यांत उतरली असावी, असें कांहीं अभ्यासक मानतात. तसें असल्यास ती राजाच्या वापरांतील, किंवा त्याचें प्रेत वाहून नेणारीही असूं शकेल.

खुद्द खुफूच्या काळचें लिखाणही आतां उपलब्ध आहे. तांबड्या समुद्राच्या कांठीं वादी अल्-जर्फ येथें २०१३ सालीं मिळालेल्या पपायरसांत मेरेर नामक अधिकाऱ्याची रोजनिशी आहे. तींत नौकांचा उल्लेख आहे, पण तो तुऱ्याच्या खाणींतील चुनखडी गीझास नेण्याच्या संबंधांत. सूर्यनौकेविषयीं तिचा आधार मिळत नाहीं.

पोथीच्या वेष्टनावर मागाहून कोणीं घातलेलें नांव आपण पुष्पिका पाहिल्याखेरीज ग्रंथाचें नांव म्हणून नोंदीत नाहीं. या नौकेस पुष्पिका नाहीं. शिळांवरील नांव तेवढें आहे. तें पुरणाराचा काळ सांगतें, हेतु सांगत नाहीं. दुसऱ्या खळग्याच्या शिळा २०११ सालापासून उचलण्यांत आल्या; त्यांतील नौकेच्या अभ्यासानें नवें प्रमाण मिळाल्यास या मताचा फेरविचार करावा लागेल. तोंपर्यंत ‘खुफूची नौका’ एवढेंच म्हणणें आम्हांस प्रशस्त वाटतें.