कंबरदुखी आणि माणसाच्या सांगाड्याची उत्क्रांती

“माणूस दोन पायांवर उभा राहिला, म्हणून कंबर दुखते” असे अनेकदा ऐकू येते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच.

सांगाड्यात काय बदलले?

चिंपांझीचा कणा धनुष्यासारखा एकाच बाजूला वळलेला असतो. आपल्या कण्याला कमरेत आतला बाक असतो; त्यामुळे धडाचे वजन ओटीपोटाच्या हाडांवर तोलले जाते. ही हाडे आखूड व रुंद झाली, मांडीचे हाड गुडघ्याकडे आत तिरपे झाले. इथिओपियात 1974 मध्ये सापडलेल्या, सुमारे 32 लाख वर्षांपूर्वीच्या ‘लूसी’च्या सांगाड्यातही हे बदल दिसतात.

मग कंबर का दुखते?

उभे राहताना सर्वाधिक भार कमरेच्या शेवटच्या मणक्यांवर येतो. गादी सरकण्याचे प्रमाणही तिथेच जास्त असते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गादी मणक्यात रुतल्याच्या खुणा असलेल्या माणसांचे मणके आकाराने चिंपांझीच्या मणक्यांशी अधिक जुळणारे आढळले. म्हणजे प्रत्येकाच्या कण्याची घडण थोडी वेगळी असते. मात्र वजन, बैठे काम, धूम्रपान आणि व्यायामाचा अभाव यांचाही वाटा मोठा असतो.

पुण्यातील अभ्यास

शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 दरम्यान उत्खनन केले. तेथील तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे सांगाडे व दात डॉ. सुभाष वाळिंबे आदी संशोधकांनी अभ्यासले. बालपणीचे आजार आणि कुपोषण यांच्या खुणा दातांवर कायम राहतात. हाडे आणि दात आयुष्याची नोंद ठेवतात, ती अशी.

काय करावे?

कंबर भरली म्हणून अंथरूण धरू नका. झेपेल तितके चाला. खडकवासल्याहून सिंहगड चढायला जाणाऱ्यांनी दुखणे उतरेपर्यंत सपाट रस्ता निवडावा. पोट, पाठ व नितंबांच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. बहुतेक दुखणी काही आठवड्यांत कमी होतात.

ताबडतोब डॉक्टरांकडे केव्हा जावे?

• लघवी किंवा शौचावरचे नियंत्रण जाणे, लघवी तुंबणे
• जांघेत व बैठकीच्या जागी बधिरता
• पायातली ताकद कमी होत जाणे
• ताप, विनाकारण वजन घटणे, पूर्वी कॅन्सर झालेला असणे
• पडल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे

पहिली तीन लक्षणे असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उशीर झाल्यास नसांची हानी कायमची राहू शकते.