वाट चुकलेले रक्त

श्रोतेहो, विहिरीचे पाणी पाटाने वाफ्यात जायचे सोडून परस्पर ओढ्याला गेले, तर पिकाचे काय होईल ते तुम्हांला सांगायला नको. माणसाच्या पोटातही क्वचित असाच प्रकार घडतो. आतड्यांतून अन्नरस घेऊन निघालेले रक्त एका मोठ्या शिरेने यकृतात यावे, तिथे शुद्ध व्हावे आणि मग हृदयाकडे जावे, हा निसर्गाचा क्रम. पण काही बालकांत जन्मतःच हे रक्त यकृत टाळून आडवाटेने निघून जाते.

ही विकृती १७९३ साली लंडनचे शस्त्रवैद्य जॉन ॲबरनेथी यांनी नोंदवली. दहा महिन्यांच्या एका मृत मुलीचे शवविच्छेदन करताना त्यांना दिसले, की ही शीर यकृताकडे गेलेलीच नाही. तरी पित्ताशयात पित्त होते! पित्त याच शिरेच्या रक्तापासून बनते, ही तेव्हाची समजूत. तिलाच धक्का बसला. पाहिले ते त्यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले. उपाय मात्र हाती नव्हता.

तो निराळ्याच वाटेने आला. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या कोपराजवळच्या शिरेतून बारीक नळी थेट हृदयापर्यंत सरकवली. १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुईतून तार आणि तारेवरून नळी घालण्याची सोपी रीत दाखवली. पुढे तपासणीची ही नळी उपचाराचेही साधन झाली.

आज डॉक्टर पोट न फाडता मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून त्या आडवाटेपर्यंत पोचतात. आधी फुगा फुगवून ती घटकाभर अडवतात आणि दाब मोजतात. यकृतातल्या शिरा पाणी घ्यायला तयार आहेत की नाहीत, हे पाहायला नको का? असतील, तर धातूच्या जाळीचे बूच बसवून आडवाट बंद करतात. दाब फार चढला, तर ती टप्प्याटप्प्याने बंद करावी लागते. आणि यकृतात शिराच नसतील, तर बूच उपयोगाचे नाही. मग गरजेप्रमाणे यकृतरोपणाचा विचार होतो.

शिक्षकबंधूंना एक सांगणे. यकृताला चुकवून गेलेल्या रक्तातला अमोनिया मेंदूवर झापड आणतो; काहींना धाप लागते, ओठ निळसर पडतात. रोग अगदी दुर्मिळ, हे खरे. तरी वर्गात सदा पेंगणारे पोर आळशी आहे असे ठरवण्याआधी त्याला एकदा डॉक्टरांकडे न्यावे.