वीजजाळ्याचे निदान : एका संगणकाचे की अनेकांचे?

९ नोव्हेंबर १९६५. सायंकाळचे ५ वाजून १६ मिनिटे झाली होती. कॅनडातील नायगारा नदीवरच्या वीजकेंद्रात एका रिलेने टोरँटोकडे जाणारी वाहिनी तोडली. रिले हा वाहिनीचा पहारेकरी असतो. ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे वीज वाहू लागली की वाहिनी तोडायची, एवढेच त्याला ठाऊक. हा रिले बिघडलेला नव्हता. त्याची मर्यादा १९६३ मध्ये ठरवली होती. पुढे भार वाढला, मर्यादा तीच राहिली. एका वाहिनीचा भार उरलेल्या चार वाहिन्यांवर पडला, त्याही तुटल्या आणि काही मिनिटांतच न्यूयॉर्कसह सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले.

यानंतर साहजिकच साऱ्या जाळ्यावर एका जागेवरून नजर ठेवण्याकडे कल झाला. १९७० मध्ये अमेरिकेतील फ्रेड श्वेपे यांनी असंख्य सदोष मोजमापांतून जाळ्याची सर्वांत संभाव्य स्थिती काढण्याचे गणित मांडले. एखादी वाहिनी आत्ता तुटली तर उरलेले जाळे तग धरील का, हा विश्वसनीयतेचा मूळ प्रश्न. आता तो संगणकाला वारंवार विचारता येऊ लागला.

पण मोठा बिघाड झाला की नियंत्रण कक्षात धोक्याच्या सूचनांचा पाऊस पडतो. काही उशिरा येतात, काही येतच नाहीत. मग मूळ दोष कोठे आहे हे कसे ओळखायचे?

स्पेनमधील इबेरड्रोला या वीज कंपनीसाठी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘आर्कॉन’ या युरोपीय प्रकल्पाने वेगळी वाट धरली. सगळे ज्ञान एकाच आज्ञावलीत कोंबण्याऐवजी अनेक स्वतंत्र आज्ञावल्या एकमेकींशी बोलत्या केल्या. यालाच विकेंद्रित कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. एक आज्ञावली सूचनांवरून दोषी भाग शोधी. दुसरी तेच काम वेळेच्या क्रमाने नोंदलेल्या, अधिक तपशीलवार माहितीवरून करी. तिसरी फक्त वीज नेमकी कोणत्या भागात गेली तेवढे सांगे. आता पहिलीने संशय घेतलेले उपकरण तिसरीच्या अंधाऱ्या भागात नसेल, तर तो संशय लटका पडे. एकाच रोग्याला तीन वैद्यांनी निरनिराळ्या लक्षणांवरून तपासावे, तसा हा प्रकार. माझ्या मते यातली मोलाची गोष्ट वेग नव्हे, तर मतभेद उघड होणे ही आहे. वीजपुरवठा पूर्ववत करण्याची योजना आखणारी आज्ञावलीही होती. अंतिम निर्णय मात्र कक्षातील माणसाचाच.

अमेरिकेत १४ ऑगस्ट २००३ रोजी नेमके हेच जमले नाही. ओहायोतील एका नियंत्रण कक्षात सूचना देणारी आज्ञावली दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी मूकपणे बंद पडली. त्या विभागावर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे स्थिती काढणारे गणित होते. पण एका बंद वाहिनीची खबर त्याला न मिळाल्याने उत्तर जुळेना. शेजारच्या कंपन्यांचे दूरध्वनी येत होते, वाहिन्या तुटल्याचे सांगत होते. पडद्यावर मात्र सारे आलबेल होते, आणि कक्षातील माणसांनी बराच वेळ पडद्यावरच विश्वास ठेवला. ४ वाजून १० मिनिटांच्या सुमारास जाळे कोसळले, आणि अमेरिका व कॅनडातील सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली.