हृदयाचे अनाक्रमक परीक्षण आणि रुग्णाचे पुनर्वसन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेला रुग्ण पुन्हा कामावर जाऊ शकेल काय, हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच समाजाचाही आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे उत्तर बहुधा नकारार्थी असे. आज ते पुष्कळदा होकारार्थी मिळते. या बदलाचे श्रेय सामान्यतः औषधे व शस्त्रक्रिया यांना दिले जाते. तथापि शरीराला छेद न देता व हृदयात नळी न सारता केल्या जाणाऱ्या, म्हणजेच अनाक्रमक, तपासण्यांचा वाटाही त्यात मोठा आहे. या तपासण्या आणि पुनर्वसन यांतील परस्परसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

निश्चल देहाचे परीक्षण :
लंडन येथे ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये मानवी हृदयाच्या विद्युत्क्रियेची नोंद शरीराच्या पृष्ठभागावरून घेतली. पुढे हॉलंडमधील लायडेन येथे विलेम आइन्थोव्हेन यांनी तंतू-गॅल्व्हानोमीटरच्या साहाय्याने ही नोंद अचूक केली. या कार्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. रुग्णाला हात व पाय क्षारजलाच्या भांड्यांत बुडवून स्वस्थ बसावे लागे. म्हणजेच ईसीजीने प्रारंभी टिपले ते विश्रांत देहातील हृदय होते.

उपचारही निश्चलतेचाच होता. हृदयस्नायूची जखम भरून येण्यास काही आठवडे लागतात, या समजुतीने रुग्णास सहा ते आठ आठवडे अंथरुणास खिळवून ठेवीत. ही समजूत निराधार नव्हती. परंतु दीर्घकाळ पडून राहिल्याने पायांतील रक्तवाहिन्यांत गुठळ्या होत, स्नायू क्षीण होत आणि रुग्णाचा आत्मविश्वास खचत असे.

विश्रांतीच्या तत्त्वाला आव्हान :
बोस्टन येथील सॅम्युअल लेव्हाइन व बर्नार्ड लाउन यांनी १९५२ मध्ये ८१ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. या रुग्णांना लवकरच खुर्चीत बसविण्यात आले होते आणि त्यापासून अपाय झाल्याचे आढळले नाही. १९५३ मध्ये जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून काम करणाऱ्या चालकांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक दिसले. हालचाल हृदयाची शत्रू नसावी, असे या दोन्ही अभ्यासांनी सुचविले. मात्र विशिष्ट रुग्णाने नेमके किती चालावे, याचे माप त्यांतून मिळणे शक्य नव्हते.

गतिमान हृदयाचे मापन :
हे माप पुढील दशकातील साधनांनी पुरविले. अमेरिकेतील मोंटाना राज्यातील नॉर्मन होल्टर यांनी प्रारंभी सुमारे ३८ किलोचे यंत्र पाठीवर वाहून हृदयाची नोंद दूर प्रक्षेपित केली. १९६१ मध्ये त्यांनी दीर्घकालीन नोंदीची पद्धती प्रसिद्ध केली. सिअ‍ॅटल येथील रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये ट्रेडमिल चाचणीची टप्प्याटप्प्यांची पद्धत मांडली. तीत दर तीन मिनिटांनी वेग व चढ वाढवीत नेतात आणि ईसीजीवर लक्ष ठेवतात. त्यामुळे श्रमाची मर्यादा प्रत्येक रुग्णापुरती ठरविता येऊ लागली.

याच काळात हृदयाचे प्रत्यक्ष चित्रणही शक्य झाले. स्वीडनमधील लुंड येथील वैद्य इंगे एडलर व भौतिकशास्त्रज्ञ हेलमुथ हर्ट्‌झ यांनी धातूतील दोष शोधणारे श्राव्यातीत ध्वनीचे उपकरण माल्मो येथील जहाजबांधणी कारखान्यातून मिळविले. ऑक्टोबर १९५३ मध्ये त्यांनी अशा उपकरणाद्वारे हृदयाच्या हालचालीची नोंद घेतली. झडपांचे दोष जाणण्यासाठी सुरू झालेली ही इकोकार्डिओग्राफी पुढे हृदयाची आकुंचनक्षमता पाहण्यासही उपयुक्त ठरली.

पुनर्वसनाची संकल्पना :
जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६४ मध्ये हृद्रोग्यांच्या पुनर्वसनावर अहवाल प्रसिद्ध केला. रुग्णाने शारीरिक, मानसिक व सामाजिकदृष्ट्या स्वप्रयत्नाने समाजातील आपले स्थान पुन्हा मिळवावे, ही व्यापक भूमिका त्यात होती. केवळ जिवंत राहणे हे उपचारांचे अंतिम साध्य उरले नाही. व्यायामाधारित पुनर्वसनाने हृदयविकारामुळे होणारे मृत्यू व रुग्णालयातील पुनःप्रवेश घटतात, असे नंतरच्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांतून दिसून आले आहे.

निष्कर्ष :
रुग्णास अंथरुणातून उठविण्याचे धाडस वैद्यांच्या निरीक्षणातून आले. त्या धाडसाला सुरक्षित प्रमाण अनाक्रमक साधनांनी दिले. म्हणून परीक्षण व पुनर्वसन यांचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिणे अपुरे ठरते. ज्या तपासणीनंतर रुग्णाला केवळ रोगाचे नाव कळते, पण किती चालावे व कामावर केव्हा जावे हे कळत नाही, ती तपासणी या परंपरेतील अर्धेच कार्य पार पाडते.